पद्माक्काला गल्ल्यावर परत बसवा

"सर, नमस्कार. सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. मिस्टर गेल्यापासून नऊ वर्षं मीच बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा रहस्यकथा वाचायचा नाद आहे. रक्तबिक्त नसलेल्या, गल्लीतली माणसं असलेल्या कथा आवडतात. तशीच एक आपण लिहावी म्हणून साठ पानं लिहिली. नायिका पद्माक्का, माझ्यासारखीच दुकानदारीण. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तिच्या गोडाऊनमधून चाळीस चादरींचा गठ्ठा जातो आणि तिथंच दुकानाचे जुने दिवाणजी मेलेले सापडतात. पद्माक्का दुकान पोराच्या हवाली करून तपासाला निघते, बोटांचे ठसे घेते, पुण्याला जाते, शेवटी नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीत चोराचा पाठलाग करते. भाचा वाचून म्हणाला, 'मावशी, दुकानदारीण चोर कशी पकडेल? पोलिस कशाला आहेत मग?' तेव्हापासून पेन उचलवत नाही. आणखी एक अडचण आहे. गुन्हेगार कुणाला करावं ते ठरत नाही. ज्याला करायला जावं तो आपलाच वाटतो. काय करू? – एक दुकानदारीण, सोलापूर"

ताई, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली साठ पानं वाचली. त्यातली पहिली अकरा दोनदा वाचली, कारण त्या अकरा पानांत पद्माक्का दुकानात आहे. सकाळी शटर वर करते, उंबऱ्यावर पाणी शिंपडते, बोहनी होईपर्यंत कुणाला उधारीचं नाव काढू देत नाही. एक बाई चार चादरींच्या घड्या मोडते, उलटसुलट करून बघते आणि 'येते हं' म्हणून निघून जाते. पोरगा घड्या घालून वर ठेवायला लागतो. पद्माक्का म्हणते, "ती निळी खालीच राहू दे. सांजच्याला नवऱ्याला घेऊन येतीय ती." आणि ती येते. तिथंच मला पटलं की ही बाई काहीही शोधून काढेल.

बाराव्या पानावर ती दुकानाबाहेर पडते आणि पुढं मला ती ओळखूच येत नाही. पावडर टाकून ठसे घेणारी, लॉजसमोर पाळत ठेवणारी ही बाई कुणीही असू शकते. भाच्यानं विचारलं ते बरोबरच आहे, त्याच्यावर रागावू नका. पण त्याचं उत्तर तुम्ही आधीच लिहून बसला आहात, त्या पहिल्या अकरा पानांत. पद्माक्काला शोध लागतो तो ती दुकानदारीण आहे म्हणून. पोलिसांना जे दिसत नाही ते तिला गल्ल्यावरून दिसतं. तेव्हा तिला परत गल्ल्यावर बसवा. पुण्याची सगळी पानं काढून टाका. जीव तुटेल, तरी काढा.

माझे वडील मंगळवार पेठेत किराणा दुकानात बसायचे, म्हणून हे मी एवढ्या खात्रीनं सांगतोय. गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या त्या काळातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका माणसानं काम सुटल्याचं घरी सांगितलंच नव्हतं. रोज वेळेवर डबा घेऊन निघायचा, वेळेवर परत यायचा. बायकोला माहीत नव्हतं, शेजाऱ्यांना नव्हतं. वडिलांना होतं. पगाराच्या तारखेला उधारी चुकती करायला तो स्वतः यायचा, त्या महिन्यात आला नाही. घरचं सामान नेहमीएवढंच जात राहिलं, पण तो स्वतः विड्यांच्या अख्ख्या कट्ट्याऐवजी चार सुट्ट्या विड्या मागायला लागला. घरखर्चाला हात न लावता माणूस आधी स्वतःची विडी तोडतो, हे वडिलांना दुकानानं शिकवलं होतं. ते कुणाला काही बोलले नाहीत. त्या घरचं सामान चार महिने वहीत मांडत राहिले. मला हे त्यांनी फार नंतर सांगितलं. तपास म्हणजे काय असतो ते मी तिथं शिकलो, आणि कळलेल्या गोष्टीचं काय करायचं हा वेगळा प्रश्न असतो हेही. त्या दुसऱ्या प्रश्नाकडं शेवटी येतो, कारण तुमची खरी अडचण तीच आहे.

आधी तुमचा गठ्ठा. चाळीस चादरींसाठी कुणी माणूस मारेल हे मला पटलं नाही, आणि तुम्हालाही पटलेलं नाही. पान चोवीसवर पद्माक्का स्वतःच म्हणते, "एवढ्याशा मालासाठी?" तिथं ती खरं बोलतेय. तिचं ऐका. गठ्ठा किमतीसाठी गेलाच नसेल तर? त्या चादरी कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून गेला असेल तर? आता चादरीत असं काय असतं जे लपवावं लागेल, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरी मी जमेल तेवढं मांडतो, चुकलं तर दुरुस्त करून घ्या.

आपल्या चादरीवरचा मोर छापलेला नसतो, विणलेला असतो. तो विणला जातो मागाला जोडलेल्या जॅकार्ड यंत्रावर. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास ही जोडणी बसवली आणि मूळ तत्त्व अजून तेच आहे. पुठ्ठ्याच्या कार्डांची एक माळ असते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका फेरीला एक कार्ड. कार्डात जिथं भोक, तिथली सुई आत शिरते, तिचा हुक वर उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. जिथं भोक नाही तिथली सुई मागं ढकलली जाते आणि धागा खाली राहतो. माळ संपली की पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरू.

म्हणजे चादरीतला दोष बघून तो कुठं झाला ते सांगता येतं. ताण्याचा धागा तुटला तर लांबीच्या दिशेनं उभी रेघ पडते, कुणी जोडेपर्यंत. बाणा चुकला तर आडवी पट्टी दिसते आणि तेवढ्यावर संपते. पण कार्डातच एखादं भोक पाडायचं राहिलं तर? मग माळ जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा तीच चूक त्याच जागी येणार. एकेक हुक रुंदीतल्या प्रत्येक नक्षीचा धागा उचलत असेल तर आडव्या ओळीतही येणार. चादरीवर चोवीस मोर असतील तर चोवीसच्या चोवीस मोरांना डोळा नाही.

आता बघा काय होतं. दिवाळीच्या आधी एक बाई चादर परत घेऊन येते. मोराला डोळाच नाही म्हणते. पद्माक्का कारखान्यात कळवते. कारखान्यात दोन दिवसांत कार्ड बदलतात. तेवढ्यात निघालेले डझनभर नग 'सेकंड' म्हणून कमी भावात पद्माक्काच उचलते आणि खरेदीच्या वहीत तारखेसह मांडते. विषय संपला. गोष्ट वाचणारा हे विसरूनही जातो. आणि जानेवारीत परगावचा एक व्यापारी चाळीस चादरींचा गठ्ठा सोलापूरला परत पाठवतो, कारण माल खराब निघाला. काठावर विणलेल्या नावावरून ट्रान्सपोर्टवाला तो पद्माक्काच्या गोडाऊनला टाकून जातो. सगळे मोर आंधळे. पण कार्ड तर केव्हाच बदललेलं! आणि कारखान्यानं त्या व्यापाऱ्याला कधी माल पाठवलेलाच नाही.

याचा अर्थ एकच निघतो. ज्या दोन दिवसांत चूक कार्डात होती त्याच दोन दिवसांत कुणीतरी अख्ख्या माळेची नक्कल करून घेतली. नक्कल करताना चूकही नक्कल झाली. नक्षी बघून आलेखाच्या कागदावर नव्यानं काढली असती तर मोराला डोळा आला असता. त्या नकलेवर परगावी, हलक्या सुतात, काठावर सोलापूरचं नाव घालून माल विणला जातोय. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते ज्या 1999 च्या कायद्यानं मिळतं त्याच्या नजरेत परगावी विणून सोलापूरचं नाव लावणं हा गुन्हा आहे. गठ्ठा का नाहीसा व्हायला हवा होता ते आता वेगळं सांगावं लागत नाही. आणि हे उलगडायला पद्माक्काला पुण्याला जावं लागलं नाही. तिनं काय केलं? चादर हातात घेतली, वजन हलकं लागलं, ओल्या रुमालानं चोळल्यावर रंग उतरला, मोर बघितला, आणि वही उघडून तारीख काढली.

एक गोष्ट मात्र पाळा. डोळा नसलेला मोर वाचकाला दिवाळीतच दिसला पाहिजे. पद्माक्काला कळलेलं वाचकापासून लपवून शेवटी बाहेर काढलंत तर तो चिडतो आणि त्याचं चिडणं योग्य असतं. सगळं त्याच्या समोर ठेवा, फक्त त्या घडीला ते गिऱ्हाइकाच्या कुरबुरीसारखं वाटू द्या. दुकानात दिवसाला अशा वीस कुरबुरी येतात. एकविसावी कोण लक्षात ठेवतो?

गड्ड्याचं तुम्ही ठेवलंत ते मला फार आवडलं, पण मिरवणुकीतला पाठलाग काढा. एक तर तिथं कुणी पळू शकत नाही. दुसरं म्हणजे ज्यांनी नंदीध्वज खांद्यावर घेतलेत, ज्यांच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांच्या मनाला ते लागेल. तुमच्याही मनाला लागेल. ती पानं लिहिताना तुमचं वाक्य अडखळलंय, ते दिसतं. यात्रा धावपळीसाठी वापरू नका. वेळ आणि माणसं कुठं आहेत हे सांगायला वापरा.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांनी बाराव्या शतकात स्थापलेल्या 68 लिंगांना सातही नंदीध्वज जातात, तैलाभिषेक होतो. संक्रांतीच्या सुमारास तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या कुंभारकन्येची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकलीय, तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या कामाचं एवढंच की अक्षता पडतात त्या घटकेला निम्मं शहर एका जागी असतं. गोडाऊन असलेली गल्ली ओस पडलेली असते. आणि दुसऱ्या दिवशी कुणालाही विचारा, 'काल दुपारी कुठं होता?' तर 'अक्षतेला' हेच उत्तर येणार. ते खोटं ठरवणं अवघड, आणि तुमच्या कथेला हवं तेही हेच.

शिवाय बाराबंदी, यात्रेत पुरुष घालतात तो बारा बंदांचा अंगरखा! पांढऱ्या बाराबंदीत सगळे पुरुष लांबून सारखे दिसतात. गल्लीत दारात सूप मांडून विड्या वळणाऱ्या बायकांपैकी एकजण मागं राहिलेली असू दे, पाय दुखतोय म्हणून. ती सांगते, बाराबंदीतला एक माणूस गोडाऊनकडं गेला. गल्ली लगेच दिवाणजींचं नाव घेते, कारण किल्ली त्यांच्याकडं आणि तीस वर्षं ते बाराबंदी घालून यात्रेत चालतात. पद्माक्का त्या बाईला एकच गोष्ट विचारते: कापड वाजत होतं का? कोरं कापड कांजीनं कडक असतं, चालताना त्याचा आवाज होतो. दिवाणजींची बाराबंदी धुऊन धुऊन मलमलीसारखी झालीय. बाई म्हणते, "व्हय की, खसाखसा वाजत होतं." म्हणजे बाराबंदी या वर्षी शिवलेली. मग शेजारच्या कापडवाल्याकडं बसून चहाच्या एका कपात कळतं की या वर्षी नव्यानं कुणी कुणी कापड फाडून नेलं. हा प्रश्न फौजदाराला सुचणार नाही. तो हुशार नसतो म्हणून नव्हे. त्यानं कापड विकलेलं नसतं. भाच्याला हे पान वाचायला द्या.

पोलिसांना वाईट किंवा बावळट दाखवू नका, एवढी विनंती. तुमचा फौजदार फार ओरडतो. त्याचं काम वेगळं आहे आणि त्यालाही ते नीट करायचंय. आणि एक तपशील दुरुस्त करा. तुमची कथा आजच्या काळातली आहे, दुकानात स्कॅनरचं यंत्र पैसे आल्याचं बोलून दाखवतं. मग फौजदार 'तीनशे दोन' म्हणणार नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम आता 103 आणि चोरीचं 303. जुन्या सवयीनं एखादा हवालदार 'तीनशे दोन' म्हणाला तर शोभेल, पण कागदावर 103 यायला हवं. तसंच तुमच्या शेवटच्या प्रकरणात चोर फौजदारासमोर कबुली देतो आणि सगळं संपतं. पोलिस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. आधीही चालत नव्हती, नव्या कायद्यातही नाही. वस्तू लागते. तुमच्याकडं वस्तू आहे: आंधळ्या मोरांची चादर, तारीख घातलेली वही आणि कुठंतरी माळ्यावर ठेवलेली कार्डांची नक्कल. यातल्या पहिल्या दोन पद्माक्का पोलिसांच्या टेबलावर ठेवू शकते, तिसरी कुठं आहे ते सांगू शकते. तिनं स्वतः माळ्यावर चढून ती नक्कल आणू नये. ते पोलिसांनी पंचांसमोर करायचं काम आहे.

भाषेबद्दल थोडंसं. तुमची सगळी माणसं एकसारखं पुणेरी छापाचं मराठी बोलतात, असं का? तुमच्या पत्रात तर नाही तसं. तुमच्या दुकानात सकाळपासून मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं येत असणार. पद्माक्का आकडे तेलुगूत मोजते हे तुम्ही एकदाच लिहिलंत आणि किती गोड वाटलं! ते वाढवा. आणि वापरा. फोनवर एकजण आपण मुंबईचा व्यापारी म्हणून बोलतो आणि घाईत 'येतोय, येतोय'ऐवजी 'येलालो, येलालो' म्हणून जातो. सोलापुरी कान ते लगेच धरतो. खाण्याचंही तसंच. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी पानोपानी आलीय, पाहुण्यांना शहर दाखवावं तशी. तीच एकदा कामाला लावा: 'रातच्या गाडीनं जाऊन सकाळी परत' असं सांगणारा माणूस घरून कडक भाकऱ्यांची चवड बांधून घेतो. एका रात्रीसाठी कुणी कडक भाकरी नेत नाही. ती आठवडाभर टिकते म्हणून नेतात.

आता दिवाणजी.

ताई, तुम्ही त्यांना मारू नका. मी हे नियम म्हणून सांगत नाहीये. या जातीच्या कथांत खून चालतो, बहुतेकींत असतोच. फक्त तो पानाबाहेर होतो आणि रक्त दाखवत नाहीत. पण साठ पानांत सगळ्यात जिवंत माणूस म्हणजे तुमचे दिवाणजी. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून हिशेब लिहिणारे, शून्य काढताना जीभ बाहेर काढणारे, मालक गेले त्या दिवशी वही न मिटवता तशीच उघडी ठेवून बसलेले. त्यांना मारलंत आणि पुढची सगळी पानं तुम्हीच त्यांच्यासाठी सुतकात आहात. पेन उचलत नाही ते भाच्यामुळं कमी आणि यामुळं जास्त, असं मला वाटतं.

त्यांना जिवंत ठेवा आणि त्यांना खोटं बोलायला लावा. गोडाऊनचं कुलूप तुटलेलं नाही. किल्ली त्यांच्याकडं. ते म्हणतात, 'मी अक्षतेला होतो, किल्ली माझ्या कमरेला होती.' तीस वर्षांत एका पैशाचा हिशेब न चुकलेला माणूस खोटं बोलतोय, हे पद्माक्काला दुसऱ्या दिवशीच कळतं, कारण त्या दिवसाची रोजमेळ त्यांनी लिहिलेलीच नाही. तारीख घातलीय, रेघ मारलीय आणि खाली पान कोरं आहे. वहीत खोटं लिहायला त्यांचा हात वळला नाही. गठ्ठा कुणी नेला यापेक्षा हे कोडं कितीतरी मोठं आहे.

नव्या बाराबंदीचं कापड त्यांच्या जावयानं नेलेलं असू दे. कारखान्यात कार्डं पंच करायचं काम त्याचंच. हाताला कसब आहे, पगार तोकडा आहे, डोक्यावर कर्ज आहे, आणि कुणीतरी परगावच्या माणसानं माळेची नक्कल मागितली. तो दुष्ट नाही. तुम्हाला गुन्हेगार सापडत नाही कारण तुम्ही दुष्ट माणूस शोधताय आणि तुमच्या गल्लीत तो नाहीच. अडचणीतला माणूस शोधा, तो लगेच सापडेल. आणि तो आपला वाटतो म्हणून त्याला वगळू नका. आपला वाटतो म्हणूनच त्याला घ्या.

सगळ्यांना दुकानात गोळा करून पद्माक्का भाषण करते असा शेवट तुमच्या टिपणात आहे. तो करू नका. चारचौघांत दिवाणजींची टोपी उतरवणं तिला जमणार नाही. रात्री शटर अर्धं खाली ओढलेलं, पोरगा घरी गेलेला. ती दिवाळीतली वही दिवाणजींच्या समोर उघडून ठेवते, बोट तारखेवर ठेवते. वर डोळा नसलेला मोर. बस. ती विचारतही नाही. तिथं किती वेळ कुणी बोलत नाही ते तुम्ही लिहा, तुम्हाला ते येतं. मालक गेले त्या प्रसंगात तुम्ही तसं लिहिलंय.

पुढं काय? इथं मी माझ्या वडिलांचं उदाहरण दिलं खरं, पण पद्माक्कानं त्यांच्यासारखं गप्प बसू नये असं माझं मत आहे. त्या विडी तोडणाऱ्या माणसाचं खोटं त्याच्या घरापुरतं होतं. या खोट्याचा भार दुसरेच उचलताहेत. काठावर नाव घालून हलका माल विकला की इथल्या एखाद्या कारखान्याची मागणी तुटते, माग उभे राहतात, कांड्या भरणाऱ्या बाईचा आठवडा बुडतो. पद्माक्काला त्या बाईचं तोंड माहीत आहे. तीही तिचं गिऱ्हाईकच. तेव्हा झाकून ठेवणं ही माया होणार नाही. मात्र चौकीत जायचं ते दिवाणजींनी, स्वतःच्या पायांनी, जावयाला बरोबर घेऊन. पद्माक्का बरोबर चालेल, वही काखेत घेऊन. फौजदार चावडी पोलिस ठाण्यापर्यंतचा तो रस्ता सावकाश लिहा. यात्रेतली खेळण्यांची आणि पाळण्यांची गर्दी अजून हटलेली नसेल, ओळखीची माणसं 'काय दिवाणजी, कुठं निघालाव?' म्हणतील, आणि त्यांना उत्तर द्यावं लागेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायचं असतं. या जातीच्या कथेत शहाणा वाचक याचीच वाट बघतो. कामावर ठेवायचं की नाही, लेकीला तोंड कसं दाखवायचं, गिऱ्हाईक काय बोलेल, या सगळ्याला एका दिवसात उत्तर मिळत नाही. मिळवून देऊ नका. दिवाणजी आले की नाही एवढं दाखवा. मला विचाराल तर ते उशिरा येतील, चप्पल बाहेर काढतील, काही न बोलता रोजमेळ उघडतील आणि आधी ते अक्षतेच्या दिवसाचं कोरं पान भरतील.

राहिला प्रश्न पेन न उचलण्याचा. साठ पानं पुन्हा लिहायची म्हणून धास्तावू नका, पहिली अकरा तर जशीच्या तशी राहतात. उद्या दुपारी गिऱ्हाईक नसताना फक्त बारावं पान लिहा. दिवाळीला आठ दिवस आहेत. दुकानात गर्दी आहे, पोरगा शिडीवर आहे. एक बाई पिशवीतून चादर काढून गल्ल्यावर आपटते. "अक्का, तुमच्या मोराला डोळाच नाही की ओ." सगळं दुकान हसतं. पद्माक्काही हसते, दुसरी चादर काढून देते, आणि मागं वळून दिवाणजींना सांगते, मांडून ठेवा. दिवाणजी मांडतात. तारीख त्यांच्या हातानं लिहिलेली असू दे.